ताटावरचा हात

वानखडे बाई उभ्यानं जेवायच्या. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, आणि पाय ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्या दिवशी मला वाटलं, बसायला पाट नाही म्हणून बिचाऱ्या अवघडल्या असतील. मी माझा पाट पुढे सरकवला. बाईंनी ताटली खिडकीत ठेवली, कमरेच्या पिशवीतून खडू काढला, पाटावर एक कोंबडी काढली आणि पुन्हा चालायला लागल्या. "पाय थांबले का माह्यं डोस्कं बंद पडते, निर्मल," एवढंच म्हणाल्या. कोंबडी अशी हुबेहूब होती की ती पुसायचं माझ्या जिवावर आलं. पुढे बरेच दिवस मीच जमिनीवर बसून जेवले.

ही पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. आर्वीच्या मुलींच्या शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवायची आणि प्रमिला वानखडे चित्रकला. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठ्या. गावाच्या कडेला राऊतांची भाजीपाल्याची वाडी होती. तिथल्या दोन खोल्या आम्ही दोघींनी मिळून भाड्यानं घेतल्या होत्या. मी पडले बसणारी बाई. सुटीचा दिवस, हातात पुस्तक, जवळ चहा, यापलीकडे मला काही नको असायचं. आणि नशिबी आली ही भिंगरी. माझ्या इतिहासाच्या पुस्तकाच्या समासात बैल, दुधाच्या पातेल्यावर मांजर, दाराच्या फळीवर आमच्या मुख्याध्यापिका, त्याही नाकासकट. मी चिडायची. त्या म्हणायच्या, "चाल, उठ. चिडाचं असन तं चालता चालता चिड."

माणसं बदली थांबवण्यासाठी वर्ध्याच्या कचेरीत हेलपाटे घालतात. बाई बदली मागण्यासाठी घालायच्या. देवळी झालं, पुलगाव झालं, हिंगणघाट झालं, मग आर्वी. त्यांची पत्र्याची पेटी कधी पुरती रिकामी झाल्याचं मी पाहिलं नाही. कपडे हवे तेवढे वर काढायचे, बाकीचे आत. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "गाव पाठ झालं का मले तिथं दम कोंडते." नवऱ्याचा विषय कोणी काढलाच, तर "थो बसनारा होता" एवढ्यावर तो संपायचा.

राऊतांच्या घरात दुसरंही एक माणूस असंच होतं, पायाला थारा नसलेलं. वंदी. नामदेवरावांची धाकटी मुलगी, तेव्हा अकरा-बारा वर्षांची. वाडीच्या कुंपणाच्या कडेनं ती सकाळपासून फेऱ्या घालायची. तिच्या पायांनी तिथली माती टणक झाली होती, गवत उगवायचंच नाही. ती बोलत नसे. कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे. वांग्याच्या पानाची मागची बाजू गालाला घासत तासन्‌तास उभी राहायची, आणि मग अचानक असा टाहो फोडायची की रस्त्यावरची सायकल थांबायची. स्वतःचं मनगट चावायची. आवरायला गेलं की आवरणाऱ्याचंही. नामदेवरावांच्या दोन्ही हातांवर तिच्या दातांच्या खुणा होत्या आणि ते उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे. आज याला स्वमग्नता म्हणतात, शहरात शाळा असतात, शिक्षक असतात. तेव्हा डॉक्टरांनी एक शब्द लिहून दिला होता, 'मतिमंद', आणि गावानं दुसरा, 'येडी'. तिसरा शब्द कोणाला माहीत नव्हता.

थोरली सुशीला लग्नाची होती. देवळीचं एक स्थळ दिवाळीत पाहायला येणार असं ठरलं आणि त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी नामदेवराव आमच्या ओसरीवर येऊन टेकले. बराच वेळ सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, भावाबद्दल बोलले. मग म्हणाले, "बाई, दिवाळी झाली का वंदीले नागपूरले नेऊन ठेवतो. पागलखान्यात. पाव्हने यायच्या आधी नेतो म्हनत होतो, पन हिची माय जेवन सोडून बसली. तिच्यासाठी थांबलो."

बाई चालायच्या थांबल्या नाहीत. या टोकाला गेल्या, त्या टोकाला गेल्या, आणि तिथूनच म्हणाल्या, "काऊन?"

"तिले काय पाह्यजे थे आमाले समजत नाई. आमाले काय पाह्यजे थे तिले समजत नाई. असं किती दिवस चालाचं?" नामदेवराव काही दुष्ट माणूस नव्हते. हे सांगताना ते सदऱ्याची बाही खाली ओढत होते.

त्या दिवसापासून बाईंच्या फेऱ्या वाढल्या. ओसरीवरून त्या अंगणात उतरल्या, अंगणातून कुंपणाकडे. वंदी पुढे आणि बाई तिच्या मागे चार हातांवर, न बोलता. मी खिडकीतून पाहायची. दोघींची चाल हळूहळू एक झाली होती. वळायच्याही एकाच ठिकाणी, शेवग्याच्या झाडाशी. मी एकदा विचारलं, "मिळतं काय यातून?" त्या म्हणाल्या, "थे कुठं चालली थे पाहून राह्यली."

आषाढी अमावास्येला आमच्याकडे जिवती असते. गावचा सोनार जिवतीचा छापील कागद घेऊन घरोघर येतो आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवून जातो. लेकराबाळांना राखणारी देवी ती. कागदावर तिच्या भोवती मुलं असतात, पाळणा असतो. श्रावणभर तिची पूजा करायची आणि पोळा झाला की कागद पाण्यात सोडायचा. राऊतांच्या घरी वंदीच्या आईचं, गंगाबाईंचं, जिवतीकडे फार लक्ष असायचं, कारण सुशीला आणि वंदीच्या मध्ये झालेली लेकरं त्यांनी गमावली होती. त्या वर्षी सोनार कागद लावून गेला, गंगाबाई पुरणाचं पाहायला चुलीकडे वळल्या, आणि वंदीनं भिंतीवरची जिवती टरकन फाडली.

गंगाबाईंच्या ओरडण्यानं मी धावत गेले. पाहते तर त्या पोरीला मिळेल तिथे मारत होत्या आणि स्वतःच मोठ्यानं रडत होत्या. "लेकराची राखनदार फाडली वं! आता कोनाले खाशीन?" वंदी मार चुकवत नव्हती. फाटलेला तुकडा ती आईच्या हातात कोंबत होती. आई तो फेकायची, ती उचलायची आणि पुन्हा कोंबायची.

माझ्या मागून बाई आल्या त्या थेट दोघींच्या मध्ये घुसल्या. "मारू नका, वयनी! मारू नका! थे मांगून राह्यली!" त्यांनी तो तुकडा गंगाबाईंच्या डोळ्यांपुढे धरला. जिवतीच्या अख्ख्या कागदातून वंदीनं फक्त पाळणा फाडून घेतला होता. "हिचा झोका कुठं हाये?"

निंबाला वंदीचा दोराचा झोका होता. पेरणीच्या दिवसांत दोर कमी पडला म्हणून नामदेवरावांनी तो काढून नेला होता. महिनाभर पोरगी त्या फांदीखाली जाऊन ओरडत होती, आणि आम्ही सगळे शहाणे लोक म्हणत होतो, अमावास्या जवळ आली की हिचं वाढतं. बाईंनी स्वतः पदर खोचून दोर बांधला. वंदी झोक्यावर बसली, आणि त्या घरात त्या दिवशी दुपारपर्यंत कोणीच ओरडलं नाही. मला आठवतं, मी तिथेच मातीत बसले होते आणि मला रडू येत होतं, कोणासाठी ते कळत नव्हतं.

बाईंना तर जणू अंगात आलं. कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची खोकी आणली, तळहाताएवढे तुकडे कापले आणि चित्रं काढायला घेतली, अर्थात चालता चालता. पहिलं चित्र पाण्याचं. काचेचा पेला, त्यात पाणी, त्यावर उजेडाची तिरीप. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला पाठवावं असं. वंदीनं ते हुंगलं, कोपरा चावून पाहिला आणि टाकून दिलं. बाईंनी नळ काढला, तोही टाकला. विहीर काढली, तीही गेली. चार दिवस बाईंनी शाळेतल्या पोरींना पाणी, पाणी आणि पाणीच काढायला लावलं. शेवटी एका सकाळी त्या राऊतांच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथला पितळी गुंड पाहत उभ्या राहिल्या. पाणी भरून ठेवायचा तो मोठा गुंड कधीतरी विहिरीच्या काठावर आपटला होता, त्याच्या पोटाला पोचा होता. बाईंनी तो गुंड काढला, पोच्यासकट. वंदीनं पुठ्ठा घेतला, गुंडापाशी गेली, पोच्यावर बोट ठेवलं, मग चित्रातल्या पोच्यावर ठेवलं.

"आपन मूर्ख, निर्मल," बाई मला म्हणाल्या. "तिले पानी नाई पाह्यजे. तिले हे पानी पाह्यजे."

मग चित्रं भराभर वाढली. भाकरीची टोपली, तिच्या काठाला गुंडाळलेल्या चिंधीसकट. झोका. परसातली मोरी. नामदेवरावांची बैलगाडी. आणि बाईंच्या स्वतःच्या चपला, ज्यांचा एक अंगठा तांब्याच्या तारेनं जोडलेला होता. चपलांचं चित्र म्हणजे फिरायला चला. रोज संध्याकाळी वंदी ते चित्र बाईंच्या हातात द्यायची आणि दोघी बसस्टँडपर्यंत जाऊन यायच्या. लोक पाहायचे, पोट्टे मागे लागायचे. बाई वळून पोट्ट्यांचं चित्र काढायला लागल्या की ते पळायचे. सगळे पुठ्ठे सुतळीत ओवून स्वयंपाकघरात, पुन्हा चिकटवलेल्या फाटक्या जिवतीशेजारी टांगलेले असत. बाईंचा नियम कडक होता. "तिनं कागद देल्ला का वस्तू देजो. तवाच्या तवा. 'थांब' म्हनजो नका, 'शहानी माझी बाई' म्हनजो नका. आधी वस्तू. नाई तं तिच्यासाठी थो नुसता पुठ्ठा होते."

तेवढ्यात एक वेगळंच संकट उभं राहिलं. एके दिवशी वंदीनं गुंडाचं चित्र हातात घेतलं आणि किंचाळून फेकलं. पाहतो तर गुंडाच्या पोटावर हळदकुंकवाची बोटं. भाकरीवर बोटं. झोक्यावर बोटं. बाईंच्या चपलांवरसुद्धा! गंगाबाई रोज सकाळी जिवतीबरोबर सगळ्या पुठ्ठ्यांची पूजा करत होत्या. बाईंनी कपाळावर हात मारला.

"वयनी, हे देव नाईत हो. हे कामाचे कागद हायेत. पोच्यावर कुंकू लावलं तं तिले गुंड वळखू येत नाई."

गंगाबाई पदर सावरत म्हणाल्या, "बाई, तिनं जिवती फाडली तवापासून माह्या जिवाले घोर हाये. फाडलेल्या कागदातून जिवतीनंच हे देल्लं मले. मी कशी नाई पुजू?"

ओल्या फडक्यानं कुंकू पुसत बाई तिथेच येरझारा घालत राहिल्या. आणि खरा घोटाळा तर पुढेच होता. पोळा झाला, श्रावण संपला, आणि गंगाबाईंनी रीतीप्रमाणे जिवतीचा कागद, फुलं, आघाडा, दूर्वा सगळं नाल्याच्या पाण्यात सोडलं. सुतळीसकट सगळे पुठ्ठेही सोडले. श्रद्धेनं, हात जोडून, पोरीचं भलं कर म्हणून.

वंदीनं रिकामी भिंत पाहिली. त्यानंतरचे दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. तिनं भिंतीवर डोकं आपटलं, जेवण सोडलं, आवरायला गेलेल्या सुशीलाच्या दंडाचा लचका तोडला. लग्नाच्या पोरीच्या दंडाचा. नामदेवराव आमच्या दारात आले, आत आलेच नाहीत. "बाई, तुमी लय केलं. आता नका बोलू. दिवाळी झाली का नागपूर."

सुटीचा दिवस होता, चाचणीचे पेपर माझ्या पुढ्यात होते आणि बाई खोलीत इकडून तिकडे, तिकडून इकडे. पायांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा. मी ओरडले, "बसा हो एकदाच्या! माणसाला वेड लागेल!"

त्या दारात थांबल्या. "मी बसली तं थे पोट्टी नागपूरले जाईन," असं म्हणाल्या, आणि पुन्हा चालायला लागल्या. मी पेपर बाजूला केले आणि पुठ्ठे कापायला घेतले. दुसरं काय करणार?

संध्याकाळी गंगाबाई आल्या. चोरासारख्या उंबऱ्यावर उभ्या. डोळे सुजलेले. "माह्याच हातानं पान्यात सोडले," म्हणाल्या. मला वाटलं आता बाई यांना फाडून खाणार. पण बाईंनी दोन गुंड काढले. एक त्यांच्या हातात दिला. "हा देव्हाऱ्यात ठेवजो. याले हळद लावा, कुंकू लावा, निवद दाखवा, पुढच्या पोळ्याले पान्यात सोडा. अन् हा दुसरा वंदीचा. याले फक्त तिचा हात लागला पाह्यजे." गंगाबाईंनी दोन्ही गुंड छातीशी धरले. त्या दिवसानंतर कामाच्या कागदाला त्यांनी कधी कुंकू लावलं नाही, आणि देव्हाऱ्यातल्या गुंडाची पूजा कधी चुकवली नाही.

चित्रं परत आली तशी वंदी हळूहळू शांत झाली, पण बाई झाल्या नाहीत. त्यांना आणखी एक चित्र हवं होतं आणि ते काही केल्या सापडत नव्हतं. "मांगाले शिकली. पन 'नको' कसं म्हनन? थे ओरडते, चावते, थे सारं 'नको'च हाये. तिले नको म्हनाले दुसरं काही देल्लंच नाई आपन." फुली काढून पाहिली. वंदीला फुलीचा अर्थ काय कळणार? बंद दार काढलं तर ती उठून दार लावून आली. सुशीलाला हे पटतच नव्हतं. "बाई, आमच्या घरात मले 'नको' म्हनता येत नाई, अन् तुमी तिले शिकवता?" ती हसून म्हणाली, पण फार हसली नाही.

ते चित्र सापडलं माझ्याच ताटात. मी जेवत होते, बाई वरण वाढायला आल्या. मी नको म्हणून ताटावर आडवा हात धरला, जसा आपण सगळेच धरतो. बाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. वरण टपटप माझ्या हातावर. "हालवजो नको! हात हालवजो नको!" त्यांनी पळी टाकली, पुठ्ठा घेतला आणि उभ्या उभ्या काढलं. ताट, आणि त्यावर आडवा धरलेला हात. माझा हात गरम वरणानं भाजत होता हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

हे वंदीला ओळखीचं होतं. जन्मल्यापासून पंगतीत, घरात तिनं हेच पाहिलं होतं. तिचा स्वतःचा हात धरून बाईंनी ताटावर ठेवला, मग चित्र दाखवलं, मग वाढणं थांबवलं. गंगाबाई वाढायच्या, वंदी पुठ्ठा द्यायची, गंगाबाई थांबायच्या. दोन-तीन दिवसांत तिनं ते ताटावरून उचलून दुसरीकडे नेलं. सुशीला तिचे केस विंचरायला बसली, तर पुठ्ठा. सुशीलानं फणी खाली ठेवली. बाईंनी सगळ्यांना ओसरीवर उभं करून बजावलं, "हा कागद दाखवला का थांबाचं. कोनी असो, काही चालू असो. मोठा म्हनू नका, पाव्हना म्हनू नका. एकदा जरी थांबले नाई तं थे पुन्हा दातावर येईन."

दिवाळीत देवळीचे पाहुणे आले. नामदेवरावांनी वंदीला मागच्या खोलीत कोंडायचं ठरवलं होतं. बाईंनी कडीपाशी उभं राहून ते होऊ दिलं नाही. फराळाची ताटं आली. मुलाची आई भरल्या अंगाची, मायाळू बाई. त्यांनी खांबाआड डोलत उभ्या असलेल्या वंदीला पाहिलं आणि करंजी घेऊन थेट तिच्या तोंडापाशी नेली. "घे वं माय. लाजते काऊन? घे."

वंदी मागे सरकली. त्यांनी प्रेमानं तिची हनुवटी धरली. तिचं मनगट तोंडाकडे गेलेलं मी पाहिलं. नामदेवराव अर्धवट उठले. सुशीलानं डोळे मिटून घेतले. बाई ओसरीच्या टोकाला, आणि त्यांचे पाय, मी शपथेवर सांगते, जागच्या जागी खिळलेले.

वंदीनं मनगट खाली केलं. वळली आणि आत पळाली. सुतळी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली, आणि ताटावर हात असलेलं चित्र त्या बाईंच्या करंजीवर ठेवलं.

"हे काय हाये?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी नामदेवरावांकडे पाहिलं. त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली.

"नको म्हनून राह्यली," ते शेवटी म्हणाले. "तिले नको हाये."

त्या बाईंनी चित्र पाहिलं, करंजी पाहिली, आणि करंजी परत ताटात ठेवली. "मंग सांगतेच तं हाये! आमाले तं कोनी सांगतलं होतं, धाकटीले काही समजत नाई म्हून." आणि त्यांनी दुसरी करंजी स्वतःच्या तोंडात टाकली. सुशीलाचं लग्न माघात झालं. नागपूरचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. गुढीपाडव्याच्या सकाळी नामदेवरावांनी स्वयंपाकघराच्या भिंतीत, वंदीच्या हाताला येईल असा एक नवा खिळा ठोकला आणि सुतळी त्याला बांधली.

बाईंना आर्वी पाठ व्हायला एरवीपेक्षा जास्त वर्षं लागली. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा हिंगणघाट मागून घेतलं. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "तुम्हाला माणसं म्हणजे बसस्टँड वाटतात." त्या पेटी भरत राहिल्या. रिक्षा दारात आली. वंदी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. तिनं पेटी पाहिली, तिला बांधलेली दोरी पाहिली, बाईंनी पायात घातलेल्या चपला पाहिल्या. मग आत गेली आणि ताटावरचा हात घेऊन आली.

बाई म्हणाल्या, "अवं वंदे, मले जाऊ दे. हुकूम निघालेला हाये." वंदीनं पुठ्ठा पुढे केला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम तोंड फिरवलं. आपण बांधलेल्या दोरात स्वतःच अडकलेलं माणूस कसं दिसतं ते मला पाहायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पाहायचंही होतं. मग पेटीचा पत्रा कुरकुरला. बाई पेटीवर बसल्या होत्या. दोन्ही पाय जमिनीवर, हलत नव्हते.

"मीच सांगतलं होतं ना," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "कोनी असो, काही चालू असो."

हुकूम रद्द करायला वर्ध्याला हेलपाटे घालावे लागले. तेवढं चालणं त्यांना बरंच मानवलं. परत आल्यावर त्यांनी पेटीतले सगळे कपडे काढून फळीवर लावले, आणि पेटी गंगाबाईंना धान्य ठेवायला दिली. मला त्यांनी याबद्दल काही विचारायची सोय ठेवली नाही. संध्याकाळी चपलांचं चित्र आलं आणि दोघी फिरायला गेल्या.

त्या आर्वीतच राहिल्या. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर त्यांचं हृदय दगा देऊन गेलं, शाळेतून परत येताना, अर्थात चालता चालता. दुसऱ्या दिवशी सकाळी राऊतांच्या अंगणात सगळं गाव. त्यांच्या माहेरचं कोणी वेळेत पोचलं नाही, म्हणून नामदेवरावांनीच पुढचा खांदा दिला. ते आता म्हातारे झाले होते. तिरडी उचलली, माणसं अंगणाबाहेर पडली, आणि वंदी वाटेत येऊन उभी राहिली. हातात पुठ्ठा. कितव्यांदा तरी नव्यानं काढलेला, कडा झिजलेला. ताटावरचा हात.

कोणीतरी म्हणालं, "बाजूले घ्या पोरीले." नामदेवराव म्हणाले, "थांबा."

"अजी, वाटेत असं..."

"थांबा म्हनलं ना. बाईचा नियम हाये."

आणि सगळे थांबले. खांद्यावर ओझं घेऊन, भर रस्त्यात. भाजीची गाडी मागे थांबली, शाळेला निघालेल्या पोरी थांबल्या. वंदी हलत नव्हती, आणि नामदेवरावांच्या मानेवरून घाम वाहत होता, तेही हलले नाहीत. मी पायरीवर उभी होते आणि मनात तिला सांगत होते, नको देऊस वाट, तू म्हणालीस तर थांबतील त्या, एकदा थांबल्या होत्या.

शेवटी वंदीनं तिरडीवरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती सहसा कोणाच्या चेहऱ्याकडे पाहत नसे. मग वळून घरात गेली. बाहेर आली तेव्हा हातात तांब्याच्या तारेनं जोडलेल्या चपलांचं चित्र होतं. ते तिनं बाईंच्या हातापाशी ठेवलं, पाठ वळवली आणि तिरडीच्या पुढे चालायला लागली, रोजच्या रस्त्यानं, बसस्टँडच्या दिशेनं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. तिला कोणी परत बोलावलं नाही.